जायबंदी खेळाडू आणि भौतिकोपचार

ग्वाल्हेरचे नाव निघाले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर शिंद्यांची राजधानी, तेथील गायकीचे घराणे आणि राणी लक्ष्मीबाईंची समाधी उभी राहते. याच राणीच्या नावाने, १८५७ च्या स्वातंत्र्ययुद्धाच्या शताब्दी वर्षात, १७ ऑगस्ट १९५७ रोजी केंद्र शासनाने ग्वाल्हेर येथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय स्थापन केले. शारीरिक शिक्षण हा पदवीच्या दर्जाचा, शास्त्रावर आधारलेला विषय आहे ही गोष्ट आपल्या देशात रुजविण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे. १९९५ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. देशातील कितीतरी शाळांचे क्रीडाशिक्षक तेथे घडले आहेत.

याच शहरात कॅप्टन रूपसिंह यांच्या नावाचे क्रीडांगण आहे. हॉकीपटू ध्यानचंद यांचे हे धाकटे बंधू. १९३२ आणि १९३६ च्या ऑलिंपिक विजेत्या भारतीय संघांत ते खेळले होते. त्या क्रीडांगणावर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकर यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४७ चेंडूंत नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यात तोपर्यंत कोणीही द्विशतक केलेले नव्हते. (महिलांच्या क्रिकेटमध्ये मात्र ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्क यांनी १९९७ मध्ये, तेही मुंबईतच, ही मजल मारली होती, याचा उल्लेख सहसा राहून जातो.) तेंडुलकरांचे वय त्या वेळी ३६ वर्षांचे होते. सलामीला येऊन ते डावाच्या अखेरपर्यंत, म्हणजे पन्नास षटके, खेळपट्टीवर उभे होते.

या खेळीचे कौतुक पुष्कळ झाले. ज्या डाव्या कोपराच्या आधाराने ती खेळली गेली, त्या कोपराची हकीकत मात्र फारशी कोणाला आठवत नाही. आजच्या विषयाच्या दृष्टीने ती हकीकत धावसंख्येपेक्षा अधिक मोलाची आहे.

ऑगस्ट २००४ मध्ये, भारतीय संघ नेदरलँड्समध्ये असताना, तेंडुलकरांच्या डाव्या कोपराच्या दुखण्याने उचल खाल्ली. इंग्रजीत ज्याला टेनिस एल्बो म्हणतात तेच हे दुखणे. त्यापायी काही स्पर्धा आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धचे पहिले दोन कसोटी सामने त्यांना सोडावे लागले. तिसऱ्या कसोटीसाठी, ऑक्टोबर २००४ मध्ये, ते नागपूरच्या मैदानावर उतरले. त्या सामन्यात धावा झाल्या नाहीत. पुढे डिसेंबरमध्ये ढाका येथे २४८ धावांची मोठी खेळीही झाली. परंतु दुखणे पुरते गेले नव्हते. ते पुन्हा वर आले आणि मे २००५ मध्ये लंडन येथे कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर सुमारे पाच महिने हा खेळाडू स्पर्धेपासून दूर राहिला. २५ ऑक्टोबर २००५ रोजी, योगायोगाने पुन्हा नागपुरातच, श्रीलंकेविरुद्ध तो मैदानावर आला आणि त्याने ९३ धावा केल्या. पुढल्याच वर्षी खांद्याची शस्त्रक्रिया, पुन्हा काही महिने विश्रांती व व्यायाम, आणि सप्टेंबर २००६ मध्ये क्वालालंपूर येथे नाबाद १४१ धावांनी पुनरागमन. ग्वाल्हेरचा दिवस त्यानंतर साडेतीन वर्षांनी उजाडला.

नागपूरच्या त्या दोन पुनरागमनांमध्ये एक वर्षाचे अंतर आहे. पहिल्या वेळी दुखण्याला उतार पडला होता. दुसऱ्या वेळी कोपर खेळासाठी तयार करण्यात आला होता. दुखणे थांबणे आणि अवयव खेळण्याजोगा होणे या दोन निराळ्या अवस्था आहेत. त्यांच्या मधला जो काळ असतो, तो खेळाडूच्या बाबतीत भौतिकोपचाराचा, म्हणजेच फिजिओथेरपीचा, काळ होय. आपल्याकडील बहुसंख्य जायबंदी खेळाडूंच्या वाट्याला हा मधला काळ येतच नाही. शस्त्रक्रिया होते, प्लॅस्टर निघते, गोळ्या संपतात आणि मुलगा मैदानावर जातो.

टेनिस एल्बो हे नाव परके असले तरी दुखणे आपल्या घरातील आहे. धुणे पिळणाऱ्या गृहिणी, करवत चालविणारे सुतार, थापी धरणारे गवंडी यांना ते नित्य होते. मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूंची कंडरा कोपराच्या बाहेरच्या अंगाला हाडाशी जोडलेली असते. एकच हालचाल हजारो वेळा झाली आणि तिला सावरायला वेळ मिळाला नाही, की त्या कंडरेचे धागे झिजू व विस्कटू लागतात. जड दोर रोज खांबाला घासत राहावा तसे हे होते. कंडरेला रक्ताचा पुरवठा मुळात कमी; त्यामुळे ती भरून येण्यास महिने लागतात.

अशा वेळी नुसती विश्रांती घेतली तर वेदना कमी होते, हे खरे. पण कंडरा बळकट होण्यासाठी तिच्यावर मापून भार पडावा लागतो. भार अजिबात काढून घेतला तर ती अधिकच दुबळी होते, आणि मग पहिल्याच सामन्यात दुखणे परत येते. म्हणून भौतिकोपचार तज्ज्ञ प्रथम मनगट न हलविता नुसता ताण धरावयास सांगतो, मग हलके वजन अगदी सावकाश वरखाली करावयास लावतो, मग वजन वाढवितो, वेग वाढवितो, आणि सर्वांत शेवटी बॅट हातात देतो. यात कोणतेही गूढ नाही. चिकाटी मात्र लागते, आणि व्यायाम कंटाळवाणा असतो.

चटकन आराम देणारे एक औषध आहे: स्टेरॉइडचे इंजेक्शन. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टेनिस एल्बोच्या रुग्णांचे तीन गट करण्यात आले होते. सहा आठवड्यांनी पाहिले तेव्हा इंजेक्शन घेतलेला गट सर्वांच्या पुढे होता. वर्ष पुरे झाले तेव्हा तोच गट मागे पडला होता. त्यातील पुष्कळांचे दुखणे उलटले होते. खेळाडूंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट अशी की, १ जानेवारी २०२२ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने स्पर्धेच्या काळात या प्रकारची सर्व इंजेक्शने निषिद्ध ठरविली आहेत. राष्ट्रीय पातळीवर जाऊ पाहणाऱ्या खेळाडूच्या पालकांनी आणि मार्गदर्शकांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता क्रिकेट बाजूला ठेवून तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेकडे यावे. चढाई करणारा मुलगा मध्यरेषेकडे झेपावतो, कोणीतरी त्याचा घोटा पकडतो, पाय आतल्या बाजूला मुरगळतो. मुलगा लंगडत बाहेर येतो. लगेच चार जण चार उपाय सांगतात. कोणी पाय ओढून लचक काढतो, कोणी तेल चोळतो, कोणी गरम विटेने शेकतो. संध्याकाळी लेप लागतो. तिसऱ्या दिवशी उपांत्य सामना असतो आणि घोट्याला घट्ट पट्टी बांधून मुलगा पुन्हा उतरतो. हे सारे प्रेमापोटीच होते. परंतु ताज्या दुखापतीत आतील बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. चोळल्याने आणि शेकल्याने रक्तस्राव वाढतो, सूज वाढते आणि बरे होण्याचे दिवस लांबतात. तालमीतील मालीश थकलेल्या स्नायूंसाठी उत्तम आहे, मुरगळलेल्या सांध्यासाठी पहिल्या दोन-तीन दिवसांत ती वर्ज्य समजावी.

प्रथम पाहावयाचे ते एवढेच की हाड मोडले आहे काय. याकरिता कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये काही सोप्या खुणा ठरवून दिल्या, आणि त्या आज जगभर वापरल्या जातात. दुखापतीनंतर खेळाडूला स्वतःच्या पायाने, लंगडत का होईना, चार पावले टाकता येत नसतील. किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड अथवा टोक दाबल्यास तेथे नेमके दुखत असेल. किंवा पावलाच्या बाहेरील कडेवर, करंगळीच्या रेषेत मध्यावर असलेला हाडाचा उंचवटा, अथवा पावलाच्या आतल्या बाजूस घोट्याच्या पुढे असलेले हाड दाबल्यावर दुखत असेल, तर क्ष-किरण तपासणीसाठी त्यास रुग्णालयात न्यावे. डोक्याला मार लागून खेळाडू भांबावला, त्यास उलटी झाली किंवा क्षणभर जरी शुद्ध हरपली, तर डॉक्टरांस दाखवावे आणि त्या दिवशी त्याने पुन्हा खेळू नये. यास अपवाद नाही.

हाड शाबूत असेल तर दोन-तीन दिवस पाय उंच ठेवावा, लवचीक पट्टी बांधावी, भार कमी द्यावा. बर्फाविषयी मत आता थोडे बदलले आहे. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि उंचावर ठेवणे ही चतुःसूत्री १९७८ मध्ये अमेरिकेतील गेब मर्किन या डॉक्टरांनी रूढ केली. पुढे त्यांनीच सांगितले की बर्फ फार वेळ लावल्यास भरून येण्याच्या क्रियेस अडथळा होण्याचा संभव आहे. वेदना फार असल्यास कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे बर्फ लावण्यास हरकत नाही. त्याहून अधिक त्यावर भिस्त ठेवू नये.

खरे काम चौथ्या दिवसापासून सुरू होते, आणि नेमके तेच आपल्याकडे होत नाही. घोट्याच्या बाहेरील बाजूचे अस्थिबंध हाडांना जोडून धरतात, त्याचबरोबर पाऊल कोणत्या कोनात पडते आहे याची वर्दीही मेंदूला देतात. अस्थिबंध ताणला गेला की ही वर्दी उशिरा जाते. मग खेळाडूचा पाय जरा खडबडीत जागी पडला की स्नायूंनी सावरण्याआधीच पुन्हा मुरगळतो. ‘एकदा लचकलेला पाय पुन्हा पुन्हा लचकतो’ हा खेड्यापाड्यांतील अनुभव खरा आहे. याला नशीब म्हटले जाते. वास्तविक ती एक शिकवता येण्याजोगी गोष्ट राहून गेलेली असते.

ती शिकविण्यास यंत्रे लागत नाहीत. प्रथम बसून पावलाने हवेत अक्षरे गिरवावीत. नंतर सायकलची जुनी ट्यूब पावलाभोवती अडकवून चारही दिशांना ओढावी. भिंतीचा आधार घेऊन दोन्ही टाचा उचलाव्यात, मग एकाच पायाची. त्यापुढे दुखऱ्या पायावर तीस सेकंद उभे राहावे. ते जमले की डोळे मिटून. ते जमले की घडी केलेल्या घोंगडीवर, आणि समोरून कोणी चेंडू टाकत असताना. दात घासताना एका पायावर उभे राहण्याची सवय लावली तरी चालते. हे सगळे दिवसातून दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे. चालणे निर्वेध झाले की सरळ रेषेत धावणे, मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वळणावळणाने धावणे, मग अचानक थांबणे व दिशा बदलणे, आणि मग उडी. पाठशिवणीच्या खेळात किंवा खो-खोत जी हालचाल लागते ती आधी एकट्याने, नंतर जोडीदाराबरोबर, नंतर पूर्ण संघात. प्रत्येक पायरीवर दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली आढळली तर एक पायरी खाली यावे.

मैदानावर परतण्याची वेळ आली हे कसे ओळखावे? दिनदर्शिका पाहून नव्हे. दुखऱ्या पायाची दुसऱ्या पायाशी तुलना करावी. एका पायावर लंगडी घालत शक्य तितकी लांब उडी मारावी आणि अंतर फुटपट्टीने मोजावे. चांगल्या पायाने दीड मीटर आणि दुखऱ्या पायाने एक मीटर असेल तर तो खेळाडू तयार नाही. निदान नव्वद टक्के अंतर यावयास हवे. टाच उचलण्याची संख्या दोन्ही पायांची जवळपास सारखी यावी. पट्टी न बांधता आठवडाभर पूर्ण सराव करता यावा. आणि ज्या बाजूने पकड झाली होती त्याच बाजूने पकड होऊ दिली असता मुलाचा चेहरा कसा होतो, तेही शिक्षकाने पाहावे. भीती उरलेली असेल तर तो पाय चोरून टाकतो, आणि चोरून टाकलेला पाय दुसरीच इजा ओढवून घेतो.

घोट्याचे हे साधे दुखणे झाले. गुडघ्याची गोष्ट वेगळी आहे. धावता धावता वळताना किंवा उडीनंतर पाय टेकताना गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज येतो, खेळाडू खाली बसतो आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगतो. ही खूण बहुधा गुडघ्याच्या आतील पुढचा अस्थिबंध तुटल्याची असते. कोणी हाडवैद्याने गुडघा बसवला असे सांगितले आणि सूज आठ दिवसांत उतरली, तरी तुटलेला बंध आपोआप पूर्ववत जुळेल असा भरवसा धरता येत नाही. चालताना त्रास होत नाही म्हणून घरच्यांना वाटते की बरे झाले. वळताना गुडघा निसटतो, आणि दर खेपेस आतील गादीचा थोडा थोडा चुरा होत जातो. मुलींना ही दुखापत त्याच खेळातील मुलांपेक्षा अधिक प्रमाणात होते हे जगभर दिसून आले आहे. पुष्कळ मुली ती घरी सांगत नाहीत, कारण सांगितले तर खेळच बंद होईल हे त्यांना ठाऊक असते. क्रीडाशिक्षिकांनी याकडे विशेष लक्ष देणे जरूर आहे.

महाराष्ट्राला गुडघ्याच्या दुखापतीची किंमत ठाऊक आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक स्पर्धेतील ते पहिले ऑलिंपिक पदक. पुढचे ऑलिंपिक १९५६ मध्ये मेलबर्न येथे होते. गुडघ्याच्या दुखापतीमुळे खाशाबांना तेथे जाता आले नाही. त्या काळी आपल्या देशात भौतिकोपचाराचे शिक्षण नुकतेच कोठे सुरू झाले होते. मुंबईतील पोलिओच्या साथींनंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने के.ई.एम. रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या आरंभी पहिली शाळा निघाली, आणि १९५५ मध्ये हाजीअली येथील पुनर्वसन संस्था सुरू झाली. खेळाडूच्या गुडघ्याचा विचार करावा इतकी ती विद्या तेव्हा पसरलेली नव्हती.

आज ती पसरली आहे. प्रश्न उरतो तो घाईचा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नॉर्वेतील संशोधकांनी गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूंचा दोन वर्षे मागोवा घेतला. शक्ती आणि उड्यांचे निकष पुरे न करता खेळात परतलेल्यांपैकी सुमारे ३८ टक्के जणांचा गुडघा पुन्हा जायबंदी झाला. निकष पुरे करून परतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ६ टक्के होते. शिवाय नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितके लांबविले, तितका दर महिन्यागणिक धोका जवळजवळ निम्म्याने उतरत गेला. शस्त्रक्रियेचा खर्च लाखाच्या घरात जातो. तो कर्ज काढून उभा करणाऱ्या शेतकरी कुटुंबाला हे आकडे शस्त्रक्रियेपूर्वीच कोणीतरी सांगावयास हवेत.

घाई का होते, याचाही विचार केला पाहिजे. खेळाडू अविचारी असतो म्हणून ती होते असे म्हणणे सोपे आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत गुणवंत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे; शालान्त परीक्षेत सवलतीचे गुण आहेत. ही योजना उपकारक आहे यात शंका नाही. परंतु त्यामुळे एखाद्या विशिष्ट वर्षीच्या राज्य स्पर्धेतील एका प्रमाणपत्रावर एखाद्या घराचे भवितव्य अवलंबून राहते. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा सहाव्या महिन्यातच गुडघ्याला पट्टी बांधून उतरतो तो हौसेखातर उतरत नाही. जत्रेतील कुस्तीच्या इनामाचे तेच. येथे नुसता उपदेश कामाचा नाही. जायबंदी खेळाडूस संघाबरोबर राहता येईल, त्याचे नाव कटणार नाही आणि पुढच्या हंगामात त्याला निवड चाचणीची संधी मिळेल, असे आश्वासन संघटकांनी व अधिकाऱ्यांनी देणे हा त्यावरील अधिक खात्रीचा उपाय ठरेल.

निर्णय कोणी घ्यावा, याबद्दलही स्पष्टता हवी. सामना जिंकण्याची ज्याला ओढ आहे त्याच्या हाती तो ठेवू नये. मग तो मार्गदर्शक असो, पालक असो वा स्वतः खेळाडू. जिल्हा रुग्णालयांतून भौतिकोपचार विभाग आहेत. हा व्यवसाय करणाऱ्याने या विषयाची पदवी घेतलेली असते आणि त्याची नोंदणी असते. ती विचारण्यात संकोच बाळगू नये. नुसती यंत्रे लावून शेक देणारा आणि व्यायाम न शिकविणारा उपचार खेळाडूच्या फारसा उपयोगी पडत नाही. महिन्यातून दोनदा तालुक्याला किंवा जिल्ह्याला जाऊन व्यायाम शिकून यावा, आणि उरलेले दिवस शाळेच्या शिक्षकाने तो करवून घ्यावा, ही व्यवस्था पदरमोड न करता बहुतेक ठिकाणी जमण्यासारखी आहे.

धीराने वाट पाहिल्याची चांगली उदाहरणेही अलीकडची आहेत. भालाफेकपटू नीरज चोप्रा यांच्या उजव्या कोपरावर मे २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा त्यांनी सोडून दिली. जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत ८७.८६ मीटर भाला फेकून त्यांनी ऑलिंपिकची पात्रता मिळविली, आणि ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो येथे ८७.५८ मीटरच्या फेकीने सुवर्णपदक. कोपर तोच होता.

परतणे हे नेहमी जुन्याच खेळात असते असेही नाही. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियुद्ध खेळत असत. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात पोहावयास सांगण्यात आले. जो व्यायाम त्यांना केवळ बरे वाटावे म्हणून दिला होता, त्याची त्यांनी स्पर्धा केली, आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे दिव्यांगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन सुवर्णपदक मिळविले. पद्मश्री त्यांना २०१८ मध्ये मिळाली. शेहेचाळीस वर्षे हा विलंब कोणत्याही उपचारापेक्षा लांबलचक म्हणावा लागेल.

शाळेच्या पातळीवर आरंभ एका वहीने करता येतो. हजेरीपटाशेजारी ती ठेवावी. मुलाचे नाव, इयत्ता, खेळ, दुखापतीचा दिवस, अवयव उजवा की डावा, कोणास दाखविले, आणि दर आठवड्याला मोजलेले लंगडी-उडीचे दोन्ही पायांचे अंतर. हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येक खेळाडूच्या दोन्ही पायांची उडी मोजून ठेवली असेल तर पुढे तुलनेला पक्का आधार मिळतो. खेळापूर्वी वीस मिनिटे धावणे, एका पायावरचा तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम आणि उडीनंतर गुडघे आत न वळविता टेकणे एवढे घेतले, तर फुटबॉलच्या अनुभवावरून पाहता दुखापतींचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक घटते. त्या वहीत तालुका स्पर्धेच्या आदल्या दिवशी ज्या मुलाच्या उड्यांचे आकडे अजून जुळलेले नाहीत, त्याचे नाव संघाच्या यादीत राखीव म्हणून लिहावे, आणि त्याच्या घरी जाऊन शिक्षकाने स्वतः त्याचे कारण सांगावे.